वाइडबँड बसवल्यावर चेक इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा का पेटतो?

तक्रार साधारण अशी असते. मूळचा चार तारांचा ऑक्सिजन सेन्सर काढला, त्याच भोकात बॉशचा एलएसयू ४.९ (वाइडबँड, म्हणजे मिक्श्चरचं प्रमाण नेमक्या आकड्यात मोजणारा सेन्सर) बसवला आणि त्याच्या कंट्रोलरचं नॅरोबँड आउटपुट (मूळच्या साध्या सेन्सरची नक्कल करणारं) ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, सिग्नल वायरला जोडलं. गेजवर आकडे व्यवस्थित दिसतात, गाडीही बरी चालते, पण चेक इंजिनचा दिवा पेटतो. स्कॅनरने कोड पुसला की जातो आणि दोन-चार चकरांत परत हजर होतो. मग कोणी सेन्सर बदलतं, कोणी कंट्रोलर बदलतं. दिवा काही हटत नाही.

बहुतेक वेळा सेन्सरही चांगला असतो आणि कंट्रोलरही. ईसीयू मूळ सेन्सरकडून नुसतं व्होल्टेज घेत नाही. तो हीटरचा करंट मोजतो, गार सेन्सर किती वेळात जागा झाला ते बघतो, सिग्नल ०.४५ व्होल्टची रेषा (वर रिच म्हणजे पेट्रोल जास्त, खाली लीन म्हणजे हवा जास्त) किती चपळाईने ओलांडतो ते मोजतो. काही ईसीयू सेन्सरचा अंतर्गत रोधही तपासतात. कंट्रोलरचं आउटपुट यातल्या फक्त व्होल्टेजची नक्कल करतं, बाकीचं तुम्हाला सांभाळावं लागतं. कुठली गोष्ट अडली ते कोडवरून कळतं, आणि कोड कधी आला यावरून तर जास्तच कळतं. म्हणून पुसण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाची नोंद) उतरवून घ्या: कूलंटचं तापमान, इंजिन चालू होऊन झालेला वेळ, आरपीएम, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा). हे न लिहिता कोड पुसणं म्हणजे हातातला पुरावा फेकणं.

आधी मूळ सेन्सर कुठल्या जातीचा ते बघा

चार तारा दिसल्या म्हणजे नॅरोबँड, हा समज बऱ्याच गोंधळाचं मूळ आहे. डेन्सोचे एअर-फ्युएल सेन्सर चार तारांचे असतात, दिसायला अगदी नॅरोबँडसारखे, पण ते वाइडबँडच्या जातीचे आहेत. टोयोटात ते सर्रास सापडतात. अशा ईसीयूला ० ते १ व्होल्टचा नकली सिग्नल दिला तर काहीही सेटिंग करा, कोड येणारच. कपलरला पाच तारा असतील तर गाडीत मुळातच वाइडबँड आहे आणि ईसीयू तो स्वतः चालवतो. तिथे बाहेरच्या कंट्रोलरचं काम नाही, गाडीला लागू असलेला सेन्सर नेमक्या पार्ट नंबरप्रमाणे आणून लावायचा.

ओळखायची सोपी पद्धत: स्कॅनरच्या लाइव्ह डेटात बँक १ सेन्सर १ (इंजिनजवळचा पहिला सेन्सर) समोर नुसतं व्होल्टेज दिसत असेल आणि ते ०.१ ते ०.९ च्या दरम्यान खाली-वर नाचत असेल तर नॅरोबँड. लॅम्डाचा आकडा (मिक्श्चरची आदर्श प्रमाणाशी तुलना, आदर्श म्हणजे १) किंवा मिलिअँपिअर दिसत असतील तर वाइडबँड. खात्रीसाठी कपलर काढून, चावी ऑन ठेवून, हार्नेसच्या बाजूने मोजा. टोयोटाच्या एअर-फ्युएल सर्किटवर एका तारेवर ३.३ आणि दुसरीवर ३.० व्होल्टच्या आसपास मिळतात. बॉशच्या धाटणीच्या नॅरोबँड ईसीयूत सिग्नल तारेवर ०.४५ च्या जवळपास मिळतं, काहींत शून्य.

क्रायस्लर आणि जीपच्या २००० नंतरच्या बऱ्याच ईसीयूंत सेन्सरची ग्राउंडच २.५ व्होल्टवर उचललेली असते, त्यामुळे सिग्नल २.५ ते ३.५ व्होल्टमध्ये फिरतो. बॉडी ग्राउंडच्या संदर्भात ० ते १ व्होल्ट देणारा कंट्रोलर तिथे सरळ जोडून चालणार नाही.

पुढचं सगळं चार तारांच्या साध्या झिरकोनिया नॅरोबँडबद्दल आहे. आपल्याकडच्या बीएस३ आणि बीएस४ पेट्रोल गाड्यांत बहुतांशी हाच असतो. तारांचे रंग: बॉश आणि एनटीकेत दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नल, करडी सिग्नल ग्राउंड. डेन्सोत बहुधा दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नल, पांढरी ग्राउंड. हे रंग सेन्सरच्या बाजूचे. कपलरच्या पलीकडे हार्नेसचे रंग वेगळे असतात, त्यामुळे पिनच्या जागेवरून जुळवा. सेन्सर गार असताना ज्या दोन तारांत काही ओहम मिळतात ती हीटरची जोडी, बाकी कुठल्याही जोडीत मीटर ओपन दाखवतो.

पी०१३५ किंवा पी००३०: हीटरचा कोड

सगळ्यात जास्त दिसणारा. मूळ सेन्सर काढला म्हणजे त्याचा हीटरही गेला, आणि ईसीयूला हीटरच्या तारेवर करंट दिसत नाही. एलएसयूचा हीटर कंट्रोलर स्वतः चालवतो, ईसीयूशी त्याचा संबंध नाही. तो हीटर ईसीयूच्या तारांना जोडायचा विचारही करू नका. एलएसयू ४.९ ला नियंत्रित पल्स लागते. सरळ १२ व्होल्ट दिले तर आतला सिरॅमिक तडकतो.

हीटरच्या तारांना त्याच्या जागी रेझिस्टर लावायचा उपाय सगळे सांगतात, किती ओहमचा ते मात्र कोणी सांगत नाही. गणित असं आहे. बॉशच्या प्लॅनर नॅरोबँडचा हीटर गार असताना सुमारे ९ ओहम असतो. तापला की रोध वाढतो आणि १३ व्होल्टला तो साधारण ७ वॉट घेतो, म्हणजे १३ चा वर्ग भागिले ७, सुमारे २४ ओहम. गार हीटर मोजून ९ ओहमचा रेझिस्टर लावला तर तो १४ व्होल्टला सतत दीड अँपिअर आणि २२ वॉटच्या आसपास ओढेल. खरा हीटर तापल्यावर एवढं कधीच घेत नाही, त्यामुळे काही ईसीयूंना तेही खटकतं. म्हणून सुरुवात २२ ओहमने करा. १४ व्होल्टला त्यावर सुमारे ९ वॉट पडतात. कोड तरीही आला तर १५, मग १० ओहम. रेझिस्टर ५० वॉटचा, ॲल्युमिनियमच्या आवरणातला घ्या आणि थर्मल पेस्ट लावून बॉडीच्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवा. ५० वॉट ही क्षमता पत्र्याला उष्णता देता आली तरच खरी असते. हार्नेसला केबल टायने लटकवलेला रेझिस्टर वायरिंग वितळवतो.

डेन्सोचे अनेक हीटर ११ ते १६ ओहमचे असतात, तेव्हा मूळ सेन्सरचा गार रोध मोजून घ्या आणि त्याच्या दुप्पट-अडीचपटीपासून खाली या.

रेझिस्टर लावूनही कोड हटला नाही, तर ईसीयू बहुधा हीटरचा करंट बघत नसून सेन्सरच्या अंतर्गत रोधावरून टोकाचं तापमान काढत असावा. त्यासाठी तो सिग्नल तारेवर छोटी पल्स सोडतो. कंट्रोलरचं आउटपुट त्या पल्सला खऱ्या सेन्सरसारखा प्रतिसाद देत नाही. तिथे कितीही ओहमचा रेझिस्टर उपयोगाचा नाही, मूळ सेन्सर परत बसवणं हाच मार्ग.

जुना सेन्सर कपलरला तसाच ठेवून फक्त त्याची सिग्नल तार कापायची, हाही एक मार्ग आहे. चालतो, पण त्याचं टोक उघड्या हवेत काहीशे अंशांपर्यंत तापतं. धातूच्या ब्रॅकेटवर बांधा, प्लॅस्टिक आणि पेट्रोलच्या नळीपासून लांब.

सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात येणारा पी०१३१ (सिग्नल फार कमी) किंवा पी०१३४ (सिग्नलची हालचालच नाही)

फ्रीझ फ्रेममध्ये कूलंट गार आणि इंजिनचा वेळ मिनिटभराच्या आत असेल तर सेन्सरवर संशय घेऊ नका. एलएसयू तापेपर्यंत कंट्रोलरकडे खरं वाचन नसतं. त्या काळात त्याचं आउटपुट शून्यावर धरलेलं असेल तर ईसीयूला वाटतं सिग्नल तार जमिनीला लागली. गार नॅरोबँड सेन्सर मात्र जवळजवळ ओपन असतो, म्हणून ईसीयूला स्वतःचेच ०.४५ व्होल्ट दिसतात. ज्या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये वॉर्म-अपच्या वेळचं आउटपुट ठरवता येतं, त्यात ते हाय इम्पिडन्स (तार जणू सुटलेली) करा. तो पर्याय नसेल तर ०.४५ व्होल्ट.

दुसरं कारण स्टार्टर. क्रँकिंगला बॅटरी १० व्होल्टच्या खाली गेली की कंट्रोलर रीसेट होतो आणि तापवणं पहिल्यापासून सुरू करतो. सिगारेट लायटरच्या किंवा रेडिओच्या लाइनवरून सप्लाय घेतला असेल तर हा प्रकार हमखास. बॅटरीवरून ५ अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेला सप्लाय द्या आणि रिले फ्युएल पंपाच्या लाइनवरून चालवा. याने दोन गोष्टी साधतात: चावी ऑन ठेवून गाणी ऐकताना सेन्सर तापत बसत नाही, आणि इंजिन चालू असताना सेन्सर बिनहीटरचा राहत नाही. बिनहीटरचा एलएसयू चालत्या सायलेन्सरमध्ये ठेवला की काजळीने भरतो. कंट्रोलर नादुरुस्त झाला म्हणून नुसता फ्यूज काढून गाडी चालवणारे सेन्सर गमावतात ते यामुळेच. अशा वेळी सेन्सर काढून एम१८ चा प्लग लावा.

मिक्श्चरचे कोड, आणि ग्राउंडमधला फरक

पी०१७१ (लीन), पी०१७२ (रिच), पी०१३२ (सिग्नल फार जास्त), कधी पी०१३३ (सेन्सर मंद). इथे थोडं थांबून मोजायला हवं, कारण बिघाड दिसत नाही आणि गेजवरचे आकडे बरोबर असतात.

इनोव्हेटच्या एलसी-२ या कंट्रोलरच्या पिवळ्या तारेची मूळ सेटिंग आहे १४ एएफआरला (हवा-इंधन प्रमाण) १.१ व्होल्ट आणि १५ ला ०.१ व्होल्ट. म्हणजे एक व्होल्टमागे एक एएफआर, सरळ रेषेत. ०.४५ व्होल्ट येतात १४.६५ ला, अगदी जिथे हवेत तिथे. आता समजा कंट्रोलरची ग्राउंड डॅशबोर्डखालच्या कुठल्यातरी स्क्रूला दिली आहे आणि चालत्या गाडीत तो स्क्रू ईसीयूच्या सिग्नल ग्राउंडपेक्षा १५० मिलिव्होल्ट वर आहे. ईसीयूला प्रत्येक वाचन ०.१५ ने जास्त दिसतं, म्हणजे रिच. तो पेट्रोल कमी करत जातो आणि कंट्रोलर ०.३० देईल तिथे, म्हणजे १४.८ वर, स्थिरावतो. एक टक्का लीन, कोणाच्या लक्षातही येत नाही. फरक ३५० मिलिव्होल्टवर गेला की मात्र खेळ बदलतो. कंट्रोलरचं सर्वात खालचं आउटपुट ०.१, त्यात ०.३५ मिळवले की ०.४५. कितीही लीन केलं तरी ईसीयूला रेषा ओलांडलेली दिसत नाही. ट्रिम उणे २०-२५ पर्यंत घसरते, गाडी पिकअपला अडखळते आणि कोड येतो रिचचा. गेज १६ दाखवतो आणि स्कॅनर रिच म्हणतो, असा विरोधाभास दिसला की सरळ ग्राउंडकडे वळा.

खरा नॅरोबँड सेन्सर अशा फरकाला फारसा बळी पडत नाही. एक तर त्याची स्वतःची ग्राउंड तार थेट ईसीयूकडे जाते, आणि दुसरं, १ लॅम्डाजवळ त्याची उतरंड इतकी तीव्र असते की शंभर मिलिव्होल्टने मिक्श्चर जेमतेम हलतं.

मोजायचं असं: इंजिन चालू, हेडलाइट, एसी आणि रेडिएटरचा पंखा चालू. मीटर डीसी मिलिव्होल्टवर. काळा प्रोब ईसीयूच्या सिग्नल ग्राउंड तारेच्या पिनवर मागून, लाल प्रोब कंट्रोलरच्या ग्राउंड तारेवर, जिथे ती कंट्रोलरमध्ये शिरते त्याच्या जवळ. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर सोडून द्या. ५० च्या वर असेल तर जागा बदला. सगळं बंद ठेवून मोजलेला आकडा निरुपयोगी आहे, लोड नसताना प्रत्येक ग्राउंड चांगलीच दिसते.

कंट्रोलरची ग्राउंड ईसीयूची पॉवर ग्राउंड जिथे बोल्टला लागते तिथेच द्या, बहुतेक गाड्यांत इंजिन ब्लॉकवर किंवा इन्टेक मॅनिफोल्डवर. बोल्टखालचा रंग खरवडा, गोल लग क्रिम्प करा. ज्या कंट्रोलरना हीटरची आणि ॲनालॉगची ग्राउंड वेगळी आहे, त्यात हीटरची ब्लॉकला आणि ॲनालॉगची ईसीयूच्या सिग्नल ग्राउंडला. एकच काळी तार असेल तर ती सिग्नल ग्राउंडला कधीही जोडू नका. हीटरचा सुरुवातीचा करंट काही अँपिअर असतो आणि ईसीयूच्या आतला तो ट्रॅक त्यासाठी बनवलेला नसतो.

सॉफ्टवेअर केबल असेल तर आउटपुटची उतरंडही तीव्र करा: १४.५५ ला ०.९ व्होल्ट, १४.८५ ला ०.०५. मधला बिंदू १४.७ च्या आसपासच राहतो, पण १५० मिलिव्होल्टच्या फरकाने मिक्श्चर आता जेमतेम ०.०५ ने सरकतं. वरची मर्यादा १.१ वरून ०.९ वर आल्याने पी०१३२ चं एक कारणही जातं. मात्र चारशे मिलिव्होल्टच्या ग्राउंडवर हे औषध नाही, रेषा न ओलांडण्याची अडचण तशीच राहते. त्याच स्क्रीनवर आउटपुटचा वेग सर्वात जलद ठेवा. सरासरी काढून गुळगुळीत केलेला सिग्नल गेजला शोभतो, ईसीयूला तो म्हातारा सेन्सर वाटतो आणि पी०१३३ येतो.

ग्राउंड ठीक निघाली तर ट्रिम दोन ठिकाणी वाचा. आयडलला अधिक १५ आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ असेल तर हवा कुठूनतरी शिरते आहे: इन्टेकची फाटकी नळी, किंवा सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधली गळती. सायलेन्सरच्या पल्समध्ये क्षणभर दाब पडतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर ती ऑक्सिजन म्हणून मोजतो. मिसफायरही लीनच दिसतो, कारण न जळलेल्या सिलिंडरचा ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर येतो. अशा वेळी पेट्रोल वाढवणं म्हणजे कॅटचा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, जीव घेणं.

ई२० आणि सीएनजीमुळे होणारा गैरसमज

ई२० चं आदर्श प्रमाण साधारण १३.५ आहे, सीएनजीचं १७.२. म्हणून काही जण कंट्रोलरमधला स्विचिंग पॉइंट (रिच-लीन बदलण्याचा बिंदू) १३.५ ला नेतात आणि गाडी धूर ओकू लागते. सेन्सर मोजतो लॅम्डा. पेट्रोलच्या मापावर असलेला गेज १ लॅम्डाला १४.७ च दाखवतो, टाकीत काहीही असो. नॅरोबँड आउटपुटला हात लावू नका, गेजच लॅम्डावर करून टाका. शुद्ध पेट्रोलवर ट्यून केलेल्या गाडीत ई२० भरल्यावर ट्रिम अधिक सात-आठला जाणं अपेक्षित आहे, त्याला बिघाड म्हणू नये.

सीएनजीच्या जुन्या व्हेन्चुरी किटमध्ये लॅम्डा एम्युलेटर असतो, गॅसवर असताना तो सिग्नल तार तोडून ईसीयूला खोटे रिच-लीन ठोके देतो. तुमची जोडणी त्याच्या कुठल्या बाजूला झाली ते शोधा. कोड फक्त पेट्रोलवर किंवा फक्त गॅसवरच येत असेल तर तपास तिथूनच सुरू करा.

सेन्सरच वारंवार जात असेल

एलएसयू ४.९ चे आटे एम१८ x १.५, म्हणजे मूळ सेन्सरच्या जागी तो हसतहसत बसतो. पण मूळ जागा अनेकदा हेडला चिकटलेल्या मॅनिफोल्डवर असते. एलएसयूच्या टोकाला वायू सतत सुमारे ९३० अंशांपर्यंत आणि षटकोनी भाग सुमारे ६०० अंशांपर्यंत चालतो. घाटात किंवा हायवेवर लांब चढाला गेजवर एरर येतो आणि सपाटीला जातो, ही षटकोन तापल्याची खूण. टर्बो असेल तर सेन्सर टर्बोच्या नंतरच. आधी लावला तर उष्णतेबरोबर दाबामुळे वाचनही चुकतं.

टोक खाली झुकलेलं हवं, तारांची बाजू आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर. खालून लावलेल्या सेन्सरवर पाणी साचतं आणि पुढच्या स्टार्टला तापलेला सिरॅमिक फुटतो. टॉर्क ४० ते ६० न्यूटन मीटर. साधं सिलिकॉन गॅस्केट मेकर सेन्सरच्या आधी कुठेही वापरू नका. सहा पिनचा कपलर कापू नका, त्या सेन्सरचा कॅलिब्रेशन रेझिस्टर त्यातच असतो. तार अपुरी पडली तर तयार एक्स्टेन्शन केबल घ्या.

मग लावायचा कुठे?

ईसीयूची ट्यूनिंग तुम्ही बदलणार नसाल, तर मूळ सेन्सर त्याच्या जागी राहू द्या आणि वाइडबँडसाठी वेगळा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) वेल्ड करा: मूळ सेन्सरनंतर, कॅटच्या आधी. दोन-तीन रेझिस्टर आणि दहा सेटिंगांपेक्षा वेल्डिंगचा खर्च कमी येतो, आणि वर लिहिलेले बहुतेक कोड जन्मालाच येत नाहीत. वेल्डिंगपूर्वी दोन्ही सेन्सर काढा, बॅटरी सोडवा. कॅट मॅनिफोल्डमध्येच असेल आणि आधी जागा नसेल तर नाइलाजाने कॅटनंतर लावता येतो. फुल थ्रॉटलचं मिक्श्चर बघायला तो पुरतो, पण १ लॅम्डाजवळ कॅटमधल्या ऑक्सिजनमुळे वाचन उशिरा आणि सपाट येतं, त्यामुळे ते ईसीयूला देऊ नका. कॅटमागचा मूळ सेन्सर बदलण्याचं तर कारणच नाही.

नकली आउटपुट घ्यायचंच असेल, तर काम झाल्यावर कोड पुसून गाडी रात्रभर गार होऊ द्या. सकाळी स्टार्ट करताना स्कॅनर जोडलेला ठेवा. सिग्नल सुरुवातीला ०.४५ जवळ, कूलंट चढल्यावर क्लोज्ड लूप (ईसीयू सेन्सर बघून पेट्रोल ठरवू लागतो), मग रेषेच्या दोन्ही बाजूंना सतत ये-जा, आणि दोन्ही ट्रिमची बेरीज अधिक-उणे ५ च्या आत (शुद्ध पेट्रोलवर ट्यून केलेल्या गाडीत ई२० असेल तर वर सांगितलेला फरक धरून). असे दोन-तीन कोल्ड स्टार्ट झाल्यावर पेंडिंग कोडची यादी उघडा. दिवा पेटण्याआधी कोड तिथे येऊन बसतो.